ओल्या पावलाच्या ठशावरून बूट ठरत नाहीत

‘ओला पाय फरशीवर टेकवा, ठसा पूर्ण उमटला तर तळवा सपाट, मग धावायला खास आधाराचेच बूट घ्या, नाहीतर गुडघे जातील,’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतोही, कारण ठसा डोळ्यांना दिसतो.

पण घरीच करून पाहा. खुर्चीत बसून एक ठसा घ्या, मग त्याच पायावर सगळं वजन टाकून दुसरा. दुसरा बहुधा रुंद येतो. पाय तोच, तळव्याची कमान, म्हणजे आतल्या बाजूचा उचललेला भाग, वजनाने दबली. धावताना ती प्रत्येक पावलाला दबते आणि पुन्हा उचलली जाते. उभ्या पायाच्या ठशात हे कुठून दिसणार?

अमेरिकेत २००९-१०च्या सुमारास सैन्यातल्या हजारो नव्या जवानांवर हे तपासलं गेलं. काहींना तळव्याच्या आकारानुसार बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय किंचित फुगलेले असतात. बुटातला सुटा तळ काढून त्यावर उभे राहा. पाय कडेबाहेर गेला तर बूट अरुंद. बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, टाच निसटायला नको. मग तिथेच थोडं धावा आणि पायाला सुखाचा वाटेल तोच घ्या. आधीपासून दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.