शौचातलं न दिसणारं रक्त

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा अस्तरावर उगवलेल्या एका छोट्या गाठीतून, म्हणजे पॉलिपमधून सुरू होतो. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. या काळात दुखत नाही, खुपत नाही. मात्र पॉलिप वाढला की पुढे सरकणारा मळ त्याला घासतो आणि थोडं रक्त झिरपतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं थोडं. शौचाच्या बहुतेक तपासण्या हेच रक्त शोधतात. ते रोज येत नाही, आणि लहान पॉलिपमधून तर बऱ्याचदा येतच नाही. या तपासण्यांची निम्मी अडचण इथेच आहे.

जुनी पद्धत ग्वायॅकची. कॅरिबियन भागातल्या एका झाडाची राळ लावलेल्या कागदावर शौचाचा पातळ थर द्यायचा आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकायचे. रक्तातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग, असेल तर कागद निळा होतो. पण हीम माणसाचं की बोकडाचं, हे कागदाला कळत नाही. त्यामुळे मटण बंद. कच्चा मुळा, सलगम, फ्लॉवर यांतल्या विकरांनीही (एन्झाइम्सनीही) रंग येऊ शकतो, म्हणून तेही बंद. उलट दिवसाला २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी पोटात गेलं तर रक्त असूनही रंग येत नाही. तीन वेगवेगळ्या शौचांचे प्रत्येकी दोन नमुने द्यायचे, तेही पथ्य पाळून. इतकी कटकट असूनही ती उपयोगी ठरली. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या चाचणीचे निष्कर्ष १९९३ साली आले, तेव्हा दरवर्षी तपासणी झालेल्या गटात १३ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी दिसले.

आज बहुतेक देशांत तिची जागा ‘फिट’ने (फिकल इम्युनोकेमिकल टेस्ट) घेतली आहे. जपानमध्ये ती १९९२पासून देशभर होते, इंग्लंडमध्ये २०१९ साली आली. यात माणसाच्याच हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन ओळखणारी प्रतिपिंडं असतात, त्यामुळे पथ्य नाही. शिवाय ग्लोबिन हे प्रथिन असल्यामुळे जठरातून किंवा लहान आतड्याच्या वरच्या भागातून आलेलं रक्त खाली येईपर्यंत बरंचसं पचून जातं, आणि तपासणीत सापडतं ते मुख्यतः मोठ्या आतड्यातलं. याची दुसरी बाजूही आहे: जठरातल्या अल्सरमधून रक्त जाऊन पंडुरोग (अ‍ॅनिमिया) झाला असेल, तर फिट खुशाल ‘निगेटिव्ह’ येते.

नमुना घरीच घ्यायचा असतो आणि चुका होतात त्या इथेच. शौच कमोडच्या पाण्यात किंवा साफसफाईच्या द्रावणात पडता कामा नये. भारतीय पद्धतीच्या संडासात कागद किंवा कोरडं पसरट भांडं धरणं सोपं जातं. लघवी आधी करून घ्यावी. किटमधल्या नळीच्या झाकणाला खाचा असलेली काडी असते. ती शौचाच्या पृष्ठभागावर चार-पाच ठिकाणी फिरवायची. खाचा भरल्या की बास. त्यात साधारण १० मिलिग्रॅम मळ बसतो आणि तो नळीतल्या सुमारे २ मिलिलिटर द्रवात मिसळतो, म्हणजे मोजमाप या प्रमाणावरच उभं आहे. आत जाताना काडी एका अरुंद भोकातून जाते आणि जास्तीचा मळ तिथे निपटला जातो. ‘थोडं कमी वाटतंय’ म्हणून काडी बाहेर काढून पुन्हा मळात बुडवली की प्रमाण बिघडतं आणि आकडा उगाच वाढतो. नळीवर तारीख लिहायची. पाळी सुरू असेल किंवा मूळव्याधीतून रक्त जात असेल, तर ते थांबल्यावर काही दिवसांनी नमुना घ्यावा. नेहमीच्या स्टूल टेस्टची डबी या कामाला चालत नाही: तिच्यात रक्त टिकवणारा द्रव नसतो.

तो द्रव असूनही उष्णता रक्ताला सोसत नाही, हिमोग्लोबिनचं विघटन होतं. इटलीतल्या फ्लोरेन्सच्या कार्यक्रमात उन्हाळ्यात पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण हिवाळ्यापेक्षा १७ टक्क्यांनी कमी आढळलं. लोकांचा आजार काही उन्हाळ्यात कमी झाला नव्हता. नव्या द्रवांत हा दोष बराच कमी झाला आहे, तरी विदर्भातल्या मे महिन्यात नळी गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवून मग लॅबमध्ये देणं म्हणजे तपासणी वाया घालवणंच. किटवर परवानगी असेल तर फ्रिजमध्ये ठेवावी आणि एक-दोन दिवसांत पोहोचवावी.

आता आकड्याकडे. निकाल मळाच्या एका ग्रॅममागे किती मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन, असा येतो. कितीपासून पुढे पॉझिटिव्ह म्हणायचं, ही रेषा कुठे मारायची हे माणसं ठरवतात. अमेरिकेत ती २० वर आहे. नेदरलँड्सने २०१४ साली १५ वर सुरुवात केली, पण अपेक्षेपेक्षा जास्त लोक पॉझिटिव्ह आले आणि कोलोनोस्कोपीला (मोठं आतडं दुर्बिणीने आतून पाहण्याला) रांगा लागतील असं दिसताच त्याच वर्षी रेषा ४७ वर नेली. इंग्लंडने २०१९ साली १२० धरली. म्हणजे ६० आकडा आलेला माणूस तेव्हा अमेरिकेत पॉझिटिव्ह आणि इंग्लंडमध्ये निगेटिव्ह ठरला असता. रेषा खाली आणली की कर्करोग जास्त सापडतात आणि निष्कारण कोलोनोस्कोपीही वाढतात. किती डॉक्टर आणि किती दुर्बिणी हाताशी आहेत, यावर हा हिशेब येऊन थांबतो.

रक्ताबरोबर गाठीतून गळणाऱ्या पेशींचा डीएनए तपासणारी कोलोगार्ड ही तपासणी अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाली. तिच्या चाचणीतल्या ९,९८९ लोकांमध्ये ६५ जणांना कर्करोग होता. कोलोगार्डने त्यातले ६० पकडले, फिटने ४८. धोकादायक टप्प्यातल्या पॉलिपपैकी कोलोगार्डला ४२ टक्के सापडले आणि फिटला २४. मात्र असं काहीही गंभीर नसलेल्यांपैकी कोलोगार्डने शंभरात १३ जणांना घाबरवलं, फिटने ५ जणांना. शिवाय तिला पूर्ण शौच डब्यात भरून पाठवावं लागतं आणि खर्चही कितीतरी जास्त. एकदाच महाग तपासणी करून निश्चिंत होण्यापेक्षा स्वस्त फिट दरवर्षी किंवा एक वर्षाआड नेमाने केलेली बरी, असं आमचं मत. या वर्षी रक्त न सांडलेला पॉलिप पुढच्या वर्षी सांडू शकतो.

पॉझिटिव्ह आल्यावर ‘मूळव्याध असेल’ म्हणत पुन्हा फिट करून पाहणं ही सर्रास दिसणारी चूक. दुसरी निगेटिव्ह आली तरी पहिली रद्द होत नाही. त्या दिवशी रक्त आलं नाही एवढाच तिचा अर्थ. पुढची पायरी कोलोनोस्कोपीच, आणि ती लवकर. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दहा महिने किंवा त्याहून उशीर झालेल्यांमध्ये कर्करोग, आणि तोही पुढच्या टप्प्यातला, जास्त आढळला. कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसला तर बहुधा त्याच बैठकीत काढताही येतो.

अमेरिकेत आता ४५व्या वर्षापासून तपासणी सुचवतात. भारतात हा कर्करोग तुलनेने कमी आहे. सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग येतो. मोठ्या आतड्याचा येत नाही. त्यामुळे आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर ४५ची वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावं. अशांना बहुधा थेट कोलोनोस्कोपीच सुचवली जाते. शौचातून डोळ्यांना दिसणारं रक्त, कारण न सापडलेला पंडुरोग, बदललेली शौचाची सवय किंवा घटतं वजन असेल, तर ‘निगेटिव्ह’ फिटवर विसंबू नये. आणि लॅबच्या कागदावर नुसतं ‘ऑकल्ट ब्लड (न दिसणारं रक्त): पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल, तर पद्धत ग्वायॅकची की फिटची, आकडा किती आणि रेषा कितीवर धरली, हे विचारून घ्यावं.