चुंबकी स्पिरिट लेव्हल: आधी उलटून पाहा

वीतभर लांबीची चुंबकी स्पिरिट लेव्हल खिशात मावते आणि घरातल्या व कारखान्यातल्या बहुतेक बारीकसारीक कामांना पुरते. तिची लांबी साधारण २०० ते २५० मि.मी. असते. अंग अॅल्युमिनियमचे किंवा टणक प्लास्टिकचे असते. त्यात द्रव आणि हवेचा बुडबुडा असलेल्या तीन नळ्या बसवलेल्या असतात: आडवी पातळी पाहायला एक, ओळंबा पाहायला एक आणि ४५ अंशांसाठी एक. खालच्या कडेत दोन-तीन चुंबक असतात आणि पाइपवर बसण्यासाठी इंग्रजी व्ही आकाराची खाच असते. वापरायला सोपी असल्यामुळे ती कोणी तपासत नाही. ही लेव्हल अर्ध्या मिनिटात स्वतःच स्वतःची परीक्षा देऊ शकते, आणि ती परीक्षा घेतल्याशिवाय तिच्या बुडबुड्यावर विसंबू नये.

नळी बाहेरून सरळ दिसते, पण आतून मधोमध किंचित फुगीर असते. द्रव खाली ओढला जातो आणि बुडबुडा नळीतल्या सर्वात उंच जागी जाऊन थांबतो. नळी कललेली नसेल तर ती जागा बरोबर मध्यावर येते. कलली की उंच जागा सरकते आणि तिच्यामागोमाग बुडबुडाही. तो किती सरकणार हे आतल्या कंसाच्या त्रिज्येवर ठरते. कंस ४ मीटर त्रिज्येचा असेल तर मीटरमागे अर्धा मि.मी. उतार आल्यावर बुडबुडा २ मि.मी. सरकतो आणि डोळ्याला तेवढे सहज कळते. लेथसारखी यंत्रे बसवताना वापरतात त्या नाजूक लेव्हलमध्ये २ मि.मी.ची एक रेघ म्हणजे मीटरमागे ०.०२ मि.मी. उतार असतो. तिथे कंसाची त्रिज्या तब्बल १०० मीटर लागते. म्हणूनच तिचा बुडबुडा स्थिरावायला वेळ घेतो आणि ती भिंतीवर फळी लावायला कामाची नाही. खिशातल्या चांगल्या लेव्हलची अचूकता मीटरमागे ०.५ मि.मी., म्हणजे सुमारे ०.०३ अंश असते. साध्या लेव्हलवर १ मि.मी. लिहिलेले सापडते.

फ्रान्सच्या मेल्शिसेदेक तेवनोने १६६१ च्या सुमारास हे उपकरण बनवले. नळीत पाणी न भरता अल्कोहोल किंवा तत्सम द्रव भरतात, याला साधी कारणे आहेत. पाणी शून्य अंशाला गोठते. शिवाय त्याचा पृष्ठताण जास्त असल्याने बारीक नळीत बुडबुडा अडकत-अडकत सरकतो. अल्कोहोलमध्ये तो सहज वाहतो. मात्र अल्कोहोल उष्णतेने पाण्याच्या जवळजवळ पाचपट प्रसरण पावते. त्यामुळे उन्हात बुडबुडा आखूड होतो आणि थंडीत लांबतो. बुडबुड्याचे एक टोक रेघेला टेकले की पातळी झाली, असे मानणारा माणूस म्हणूनच चुकतो. पाहायचे असते ते दोन्ही बाजूंचे अंतर. बुडबुडा लहान असो वा मोठा, त्याच्या दोन्ही टोकांपासून दोन्ही रेघांपर्यंतची जागा सारखी दिसली पाहिजे. डोळा नळीच्या बरोबर समोर हवा, तिरक्या नजरेने अर्धा मि.मी. सहज इकडचा तिकडे होतो. लेव्हल ठेवल्यावर पाच-दहा सेकंद थांबून मगच वाचावे.

आता ती परीक्षा. लेव्हलच्या एका टोकाला मार्करने ठळक ठिपका करा. बऱ्यापैकी सपाट आणि जवळपास समतल अशी जागा घ्या, उदाहरणार्थ काचेचे टेबल किंवा ग्रॅनाइटचा ओटा. लेव्हल ठेवा, तिच्या एका कडेने आणि दोन्ही टोकांशी पेन्सिलने खुणा करा, बुडबुडा कुठे आहे ते नोंदवा. मग लेव्हल उचलून टोके अदलाबदल करून त्याच खुणांमध्ये ठेवा. ठिपका आधी खिडकीकडे होता, आता दाराकडे आहे. बुडबुडा दोन्ही वेळा खिडकीकडेच सरकलेला असेल, तर लेव्हल खरी आणि टेबल कललेले. बुडबुडा दोन्ही वेळा ठिपक्याकडे सरकला, म्हणजे आधी खिडकीकडे आणि उलटल्यावर दाराकडे, तर टेबल समतल आणि लेव्हल खोटी. प्रत्यक्षात बहुधा दोन्हींची भेसळ असते. समजा पहिल्या वेळी बुडबुडा खिडकीकडे २ मि.मी. होता आणि उलटल्यावर बरोबर मध्यावर आला. तर दोन्हींची सरासरी, म्हणजे १ मि.मी., हा टेबलाचा उतार आणि उरलेला १ मि.मी. हा लेव्हलचा दोष.

ओळंब्याची नळी वेगळी तपासावी लागते, कारण आडवी नळी खरी असली तरी उभी खोटी असू शकते. लेव्हलची सपाट बाजू भिंतीला टेकवून ती उभी धरा, बुडबुडा मध्यावर आणा आणि चुंबकाच्या कडेने भिंतीवर बारीक रेघ मारा. मग पुस्तकाचे पान उलटावे तशी लेव्हल उलटा आणि तीच कड त्याच रेघेला दुसऱ्या बाजूने लावा. बुडबुडा पुन्हा मध्यावर आला तर नळी खरी. नाही आला, तर दिसणाऱ्या फरकाच्या निम्मा दोष.

दोष सापडला म्हणून लेव्हल लगेच टाकून द्यायची गरज नाही. लहान लेव्हलच्या नळ्या बहुधा चिकटवून पक्क्या केलेल्या असतात, त्यांना फिरवायला स्क्रू नसतो. पण दोन्ही बाजूंनी वाचून सरासरी काढली की खोटी लेव्हलही खरे उत्तर देते. दोन गोष्टी फक्त एकमेकींना समांतर करायच्या असतील तर त्याहून सोपे: ठिपका दोन्ही वेळा एकाच दिशेला ठेवा. दोष दोन्ही वाचनांत सारखाच येतो आणि वजा होऊन जातो. कारखान्यात हे सतत उपयोगी पडते. वेल्डिंगचे टेबल क्वचितच पाणसळीत असते आणि ते तसे असण्याची गरजही नसते. टेबलावर लेव्हल ठेवून बुडबुड्याची जागा बघून घ्या. त्यावरचा चौकोनी पाइप किंवा अँगल तीच जागा दाखवेपर्यंत त्याखाली पातळ पट्ट्यांचे पॅकिंग द्या. जॉब, म्हणजे ज्यावर काम चालू आहे तो तुकडा, टेबलाला समांतर झाला.

चुंबकामुळे दोन्ही हात मोकळे राहतात, हा या लेव्हलचा मोठा गुण. तिची सर्वात मोठी खोड मात्र त्याच चुंबकातून येते. कानशीचा कीस, ग्राइंडरची भुकटी, ड्रिलचा चुरा सगळे तिच्या कडेला जाऊन चिकटते. २३० मि.मी. लांबीच्या लेव्हलच्या एका टोकाखाली ०.१ मि.मी. जाडीचा एक कण आला तर उतार होतो मीटरमागे ०.४३ मि.मी. म्हणजे कारखान्याने दिलेली जवळपास सगळी अचूकता एका कणाने खाल्ली. हा कीस फडक्याने निघत नाही, नुसता इकडून तिकडे सरकतो. चिकटपट्टी कडेवर दाबून झटक्यात ओढली की निघतो. प्रत्येक वेळी ठेवण्याआधी कडेवरून अंगठा फिरवावा. जॉबवरची बर (कापताना राहिलेली धारदार कड), रंगाचा ओघळ, वेल्डिंगचा उडालेला थेंब हेही तेच नुकसान करतात, म्हणून ती जागाही आधी साफ करावी.

पकड घट्ट असते ती निओडिमियमच्या चुंबकांमुळे. हे चुंबक १९८० च्या दशकात आले. त्यांचे साधे प्रकार ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमचे कमजोर होऊ लागतात. त्यामुळे नुकताच वेल्ड केलेला गरम पाइप तपासायला लेव्हल चिकटवू नये. वेल्डिंग चालू असताना तर ती दूरच हवी. तिच्या चुंबकी क्षेत्रामुळे, विशेषतः डीसी वेल्डिंगमध्ये, आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) एका बाजूला ओढला जातो. टॅक (जॉब तात्पुरता धरून ठेवणारा वेल्डचा छोटा टाका) मारण्याआधी लेव्हल लावा, जुळवा, जॉब क्लॅम्पने आवळा, लेव्हल काढा आणि मग टॅक मारा. थंड झाल्यावर पुन्हा लावून पाहा, कारण टॅक आकसताना जॉब ओढला जातो.

अॅल्युमिनियम, तांबे, पितळ आणि पीव्हीसी यांना चुंबक चिकटत नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ आणि ३१६ प्रकार जवळजवळ दाद देत नाहीत, वाकवलेल्या कडेला थोडेसे चिकटले तर चिकटतात. ४३० प्रकारावर मात्र लेव्हल पक्की बसते.

गोल पाइपवर व्ही खाच लेव्हलला पाइपच्या अक्षाशी जुळवते, पण पाइपभोवती बाजूला कलण्यापासून रोखत नाही. लेव्हल पाइपच्या माथ्यावर सरळ उभी नसेल आणि नळी अंगात जराशी तिरकी बसलेली असेल, तर बुडबुडा खोटे सांगतो. म्हणून ती माथ्यावर हलकेच डावी-उजवीकडे कलवून बघावी. बुडबुडा जागचा हलला नाही तर नळी सरळ बसलेली आहे. हलला तर अशा कामात लेव्हल अगदी सरळ धरावी लागेल.

कॉन्ड्युट पाइपला (विजेच्या तारा ज्यातून नेतात त्या पाइपला) दोन बाक द्यायचे असतील तर दुसरा बाक पहिल्याच्या प्रतलातून हटकून निसटतो. पाइप शेगड्यात (व्हाइसमध्ये) आडवा धरा, पहिल्या बाकाचा पाय वर येऊ द्या. त्या पायाच्या बाजूला, पाइपची डावी-उजवी कलती कळेल अशी, लेव्हल चिकटवा आणि ओळंब्याची नळी मध्यावर आणा. लेव्हल तशीच चिकटलेली ठेवून दुसरा बाक वरच्या दिशेने द्या. देताना पाइप शेगड्यात फिरला तर बुडबुडा लगेच सांगतो. फ्लँज (पाइपच्या टोकाची भोके असलेली चकती) लावतानाही असेच: वरच्या दोन भोकांत एकाच मापाचे दोन बोल्ट घाला, लेव्हल त्या दोघांवर आडवी ठेवा आणि ती समतल होईपर्यंत फ्लँज फिरवा.

सांडपाण्याच्या पाइपला समतल नको, उतार हवा. उतार १:५० हवा असेल तर २३० मि.मी. लेव्हलच्या उताराकडच्या टोकाखाली ४.६ मि.मी. जाडीचे काहीतरी ठेवायचे. ४.५ मि.मी. ड्रिलचा गुळगुळीत दांडा इथे चालतो. १:१०० साठी २.३ मि.मी. हिशेब एकच, लेव्हलची लांबी गुणिले उतार. खाचेची कड मात्र इथे नको. पाइप खाचेत आत शिरतो आणि दांडा खाचेच्या ओठांवर बसतो, त्यामुळे माप बिघडते. लेव्हल पालथी करून सपाट कड पाइपवर ठेवावी.

घरात सर्वाधिक चुका लांब फळी लावताना होतात. छोटी लेव्हल आपल्या लांबीपुरतेच बोलते. २३० मि.मी. अंतरात ०.२ मि.मी. चूक झाली आणि तीच रेघ २.४ मीटरपर्यंत वाढवली, तर दुसऱ्या टोकाला २ मि.मी.हून जास्त फरक पडतो. यावर उपाय चुंबकच देतो. दीड मीटरचा सरळ, लोखंडी चौकोनी पाइप घ्या आणि त्याच्या मध्यावर लेव्हल चिकटवा. झाली लांब लेव्हल. पाइप थोडा वाकडा असला तरी हरकत नाही: पाइप लेव्हलसकट उलटून पुन्हा वाचा आणि दोन्हींचा मध्य धरा. एका ब्रॅकेटची खूण करून पहिला स्क्रू घट्ट करा. पाइपचे एक टोक त्यावर ठेवून दुसरे टोक वर-खाली करत बुडबुडा मध्यावर आणा, मगच दुसऱ्या ब्रॅकेटची भोके आखा. ड्रिल टणक खड्याला लागून सरकते, तेव्हा भोक पाडल्यावर पुन्हा एकदा तपासावे. ब्रॅकेटमधली लांबट भोके याचसाठी असतात.

वॉशिंग मशीनच्या बाबतीत लेव्हल बाजूच्या पत्र्यावर चिकटवण्याचा मोह टाळावा, पत्रा फुगलेला असतो. ती वरच्या टपावर ठेवावी, आधी डावी-उजवीकडे आणि मग पुढे-मागे. पाय एम १० आट्यांचे असतील तर एका पूर्ण फेऱ्याला १.५ मि.मी. उंची बदलते. पायांमधले अंतर ५०० मि.मी. असेल तर हा मीटरमागे ३ मि.मी. बदल झाला, त्यामुळे शेवटी पाव-पाव फेरा द्यावा. समतल झाल्यावर कर्णावरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबून पाहा. मशीन डुलले तर एक पाय जमिनीला टेकलेला नाही, आणि बुडबुडा हे सांगू शकत नाही. शेवटी लॉकनट वर, मशीनच्या अंगाला घट्ट आवळा. तो सैल राहिला तर कपडे पिळतानाच्या थरथरीने पाय फिरतो.

चालू विजेच्या पॅनेलमध्ये किंवा त्याच्या उघड्या दारावर ही लेव्हल कधीही चिकटवू नये. ती घसरून बसबारवर (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर) पडली की तिचे धातूचे अंग दोन फेज जोडते. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने हे चुंबक छातीपासून किमान १५ सें.मी. दूर ठेवावेत.

लेव्हल पडली, तर दिसायला काही झालेले नसले तरी उलटून पाहण्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. खिशातल्या पान्यासोबत आपटूनही नळी जागची हलते. बुडबुडा हवामान न बदलता महिन्यागणिक मोठा होत असेल तर नळीतून द्रव झिरपतो आहे. अशी नळी दुरुस्त होत नाही, ती लेव्हल बदलावी.