गव्हाचा कस बियाण्यात किती, जमिनीत किती

दळण ठेवताना बरेच ग्राहक विचारतात, "यातला पौष्टिक गहू कुठला?" पोत्यावर लोकवन, शरबती, बन्सी, खपली अशी नावं असतात आणि त्यावरून भाव ठरतो. दाण्यात प्रथिनं, लोह, जस्त किती उतरलंय, हे मात्र त्या नावावरून कळत नाही. ते ठरतं वाणाच्या जनुकांवर, आणि तो कुठल्या जमिनीत पिकला त्यावर.

खपलीचा पूर्वज असलेल्या रानटी गव्हातून शास्त्रज्ञांनी २००६ साली जीपीसी-बी१ नावाचं जनुक शोधून काढलं. दाणा भरत असताना या जनुकामुळे पानं लवकर पिवळी पडतात आणि पानांतलं नत्र, लोह, जस्त ओंबीकडे वळतं. ते चालू असलेल्या गव्हात या तिन्ही गोष्टी साधारण १० ते १५ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. आज पेरल्या जाणाऱ्या बहुतेक गव्हांत ते एकतर नाहीच, नाहीतर निकामी आहे. जस्ताचं गणित याहून अवघड: त्यामागे अनेक जनुकं थोडाथोडा हातभार लावतात, आणि जमिनीतच जस्त नसेल तर चांगलं बियाणंही कमी पडतं.

नेहमीच्या गव्हात किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास जस्त असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेल्या एमएसीएस ४०२८ या बन्सी जातीच्या वाणात ते ४०.३ मिलिग्रॅम आहे, लोह ४६.१ आणि प्रथिनं १४.७ टक्के. महाराष्ट्रातल्या संस्थेचं हे काम आपल्या पोळीपर्यंत पोचावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून व्यापाऱ्याला नुसतं "बन्सी आहे का?" न विचारता वाणाचं नाव विचारा.

खपलीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तिच्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, असतं. ज्यांना डॉक्टरांनी गहू बंद केलाय, त्यांनी खपलीही खाऊ नये.

एक दाणा ब्लेडने उभा कापून पाहा. आतला पांढरा भाग मुख्यतः पिठूळ स्टार्च. टोकाला पिवळसर अंकुर, आणि कोंड्याला आतून चिकटलेला पातळ थर. लोह-जस्ताचा मोठा वाटा या थरात आणि अंकुरातच असतो. बारीक चाळणीने कोंडा काढला की वाणाने कमावलेलं बरंचसं त्याबरोबर जातं. त्याच थरातलं फायटिक आम्ल लोह-जस्त धरून ठेवतं, त्यामुळे ते शरीराला कमी मिळतं, हेही खरं. पीठ आंबवलं की हे आम्ल कमी होतं. जेवताना लिंबू पिळलं तर लोह अंगी लागायला मदत होते.

आम्ही गहू अख्खा दळतो, कोंडा काढत नाही. अंकुरात तेल असल्याने असं पीठ मुंबईच्या दमट हवेत लवकर खवट होतं. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतंच दळण आणा आणि जाड हवं की बारीक, ते डबा देतानाच सांगा.