क्रीटच्या लढाईतून आलेली रायफल : एफजी-४२ ची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पॅराट्रूपर सैनिकांसाठी तयार झालेल्या एफजी-४२ या आखूड रायफलीचे मूळ शोधायचे, तर आधी त्यांचे पॅराशूट पाहावे लागते. त्याच्या दोऱ्या सैनिकाच्या पाठीमागे एकाच ठिकाणी जोडलेल्या असत. त्यामुळे विमानातून डोके पुढे करून झेप घ्यावी लागे, खाली येताना दिशा बदलता येत नसे आणि जमिनीवर हातांवर व गुडघ्यांवर पडावे लागे. अशा उडीत लांब रायफल अंगावर बाळगणे धोक्याचे होते. बहुतेकांजवळ पिस्तूल व हातबॉम्ब, काहींजवळ सबमशीनगन एवढेच असे. रायफली आणि मशीनगन वेगळ्या पेट्यांतून खाली टाकल्या जात.

२० मे १९४१ रोजी ग्रीसच्या क्रीट बेटावर केलेल्या हवाई हल्ल्यात ही पद्धत फार महागात पडली. पेट्यांपर्यंत पोहोचण्याआधीच अनेक सैनिक टिपले गेले, आणि मालेमे विमानतळाच्या परिसरात उतरलेल्या एका बटालियनमधील ६०० पैकी सुमारे ४०० जण पहिल्याच दिवशी ठार झाले. या हानीचा सारा दोष शस्त्रांच्या व्यवस्थेला देता येणार नाही, कारण जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडल्यामुळे ब्रिटिशांना हल्ल्याची आगाऊ कल्पना होती; तरीही उडी मारतानाच पूर्ण ताकदीचे शस्त्र जवळ हवे, ही मागणी क्रीटनंतर टाळता येण्याजोगी राहिली नाही.

जर्मनीत हे सैनिक लष्कराच्या नव्हे, तर हवाई दलाच्या अखत्यारीत होते. लष्कराच्या शस्त्रविभागाला त्यांची मागणी अव्यवहार्य वाटली, म्हणून हवाई मंत्रालयाने स्वतंत्र वाट धरली. लांबी एक मीटरच्या आत, वजन नेहमीच्या कार-९८के रायफलीपेक्षा फारसे जास्त नाही, काडतूस मात्र तेच ७.९२ मिलिमीटरचे, आणि एकेरी तसेच सलग मारा करण्याची सोय, अशा अटी होत्या. माझ्या मते यांतील काडतुसाची अट सर्वांत कठीण होती, कारण एवढ्या हलक्या शस्त्रातून इतके जोरदार काडतूस सलग झाडल्यास नळी उसळून नेम ढळतो.

ऱ्हाइनमेटाल कंपनीचे लुई श्टांगे यांनी या अडचणीवर काढलेला उपाय खरोखर कौतुकास्पद आहे. खांद्याला टेकवायचा दस्ता नळीच्या सरळ रेषेत ठेवल्याने उसळी कमी झाली आणि २० काडतुसांचे मॅगझिन डाव्या बाजूला बसवल्याने लांबी वाचली. एकेरी गोळीच्या वेळी बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागची बाजू बंद करणारा भाग) बंद राहून नेम स्थिर राही, तर सलग माऱ्यानंतर तो मागे उघडा थांबे; त्यामुळे नळीला हवा लागे आणि तापलेल्या नळीत काडतूस आपोआप पेटण्याचा धोका टळे. पुढे क्रोम-निकेलयुक्त पोलादाची टंचाई भासल्याने रचना बदलावी लागली. दस्ता लाकडी झाला, पत्रा ठोकून बनवलेले भाग आले आणि वजन पाच किलोच्या आसपास गेले.

क्रीटमधील हानीमुळे हिटलरने पॅराशूटच्या मोठ्या मोहिमा थांबवल्याने ही रायफल प्रामुख्याने इटली आणि फ्रान्समधील नॉर्मंडीच्या जमिनीवरील लढायांत वापरली गेली. तिचे उत्पादन काही हजारांपुरतेच राहिले. युद्धानंतर अमेरिकी अभियंत्यांनी तिच्या बोल्टच्या यंत्रणेला एमजी-४२ मशीनगनच्या, काडतुसे पुरवणाऱ्या पट्ट्याची जोड देऊन प्रयोग केले, आणि त्यांतूनच पुढे अमेरिकेची एम-६० मशीनगन घडली.