वडा, चुरा आणि कोल्ड कॉफी

भाच्याने जिम लावल्यापासून आमच्या घरात वडापावला वाईट दिवस आलेत. परवा संध्याकाळी तो स्वतःसाठी मल्टिग्रेन ब्रेडचं सँडविच आणि कोल्ड कॉफी घेऊन आला, माझ्यासाठी कोपऱ्यावरच्या गाडीचा वडापाव. वर म्हणाला, ‘‘मावशी, तू ते खा, मी हेल्दी खातो.’’ मला राहवेना. केकसाठी घेतलेला वजनकाटा काढला आणि दोघांच्याही पुड्या ओट्यावर उघडल्या.

पाव भरला ४४ ग्रॅम, वडा ९०. वड्याचं कवच सोलून वेगळं ठेवलं तर ते २६ ग्रॅम झालं, आतली भाजी ६४. हिशेब ढोबळच करायचा होता. पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला चार कॅलरी देतात, तेल-तूप नऊ, एवढं माहीत असलं की पुरतं. पावाच्या झाल्या १२०. बटाट्याच्या भाजीच्या जेमतेम साठ, कारण बटाट्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. कवचात साधारण चौदा ग्रॅम बेसन आणि आठेक ग्रॅम तेल धरलं, त्यांच्या मिळून सव्वाशेच्या आतबाहेर. म्हणजे नुसत्या वडापावच्या ३००. लसणीची सुकी चटणी आणि वरून भुरभुरलेला तळलेल्या पिठाचा चुरा धरला की ४००. प्रथिनं सातेक ग्रॅम, त्यातली निम्मी पावातली.

सँडविचच्या दोन मोठ्या स्लाइसच्या १८० कॅलरी. चीजच्या चकतीच्या ६०. काकडी-टोमॅटोचं काही धरू नये इतकं थोडं. मग चमच्याने मेयोनेज खरवडून काढलं, ते दोन मोठे चमचे निघालं. अस्सल मेयोनेजमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास तेलच असतं, बिनअंड्याच्यात बहुधा थोडं कमी. तरी दीडशे कॅलरींच्या खाली काही ते येत नाही. सँडविच गेलं चारशेवर, म्हणजे चटणी-चुऱ्यासकट वडापावच्या बरोबरीला. आणि खरी गंमत तर कोल्ड कॉफीत होती. दूध, चार चमचे साखर, वर आइस्क्रीमचा गोळा: आणखी तीनशे कॅलरी आणि वरून घातलेली जवळजवळ तीस ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना अशी साखर दिवसाला शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. भाच्याने ती एका पेल्यात संपवली होती.

‘पण माझा ब्रेड मल्टिग्रेन आहे’ हा त्याचा बचाव होता. ब्रेडचं कुठलंही पाकीट उलटं करून बघावं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे पहिलं नाव सर्वांत जास्त. ते नाव मैदा असेल तर वर चिकटवलेले तीळ आणि जवस ही शोभेची वस्तू समजायची. ब्राउन ब्रेडचा तपकिरी रंगही कधीकधी कोंड्याचा नसतो, करपवलेल्या साखरेचा असतो.

पेयातल्या कॅलरी एका वेगळ्याच कारणाने नडतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २००० साली झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या जेलीच्या गोळ्या खायला दिल्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरींचं गोड सोडापाणी प्यायला दिलं. गोळ्या खाताना त्यांनी आपोआप बाकीचं जेवण कमी केलं. सोडा पिताना केलं नाही. साखर तीच, पण प्यायलेली साखर पोटाच्या जमाखर्चात धरलीच गेली नाही. माणसं थोडी होती, तेव्हा आकडा डोक्यावर घेऊन नाचू नये. पण जेवताना कोल्ड्रिंक घेऊन कुणी एक पोळी कमी खाल्लेली मी तरी अजून पाहिलेली नाही.

बर्गरच्या दुकानातही अंकगणित हेच चालतं. दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या साखळ्यांना २०२२ पासून मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम. बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर तिथे साधारण ३४० कॅलरींचा आणि आठ-साडेआठ ग्रॅम प्रथिनांचा असतो. वडापावचा मावसभाऊच म्हणा! बिघडतं ते ‘थोडे पैसे जास्त दिले की मील होतं’ या वाक्यापाशी. मध्यम फ्रेंच फ्राइजच्या तीनशेवर कॅलरी आणि ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकच्या आणखी सव्वाशे-दीडशे, त्यात तीसएक ग्रॅम साखर. बर्गर एकटा आला असता तर तो नाश्ता होता. सोबत्यांसकट आला की पावणेआठशेचा ऐवज होतो आणि प्रथिनांत भर पडते ती चार-पाच ग्रॅमची.

आता चुरा. गाडीवर तो फुकट मिळतो म्हणून सगळे मूठभर मागतात, मीही मागत आले. कढईत नेमकं काय होतं ते कळल्यावर मात्र हात आखडला. तापलेलं तेल १७०-१८० अंशांवर असतं. पिठात बुडवलेला गोळा त्यात पडला की वरच्या थरातल्या पाण्याची वाफ होते आणि बुडबुडे काढत बाहेर धावते. ती बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. वडा तेल पितो ते मुख्यतः झाऱ्यावर आल्यावर. तो निवायला लागला की कवचाच्या बारीक छिद्रांतली वाफ थंड होते, तिथला दाब घटतो आणि अंगाला चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. झारा कढईवर दोनदा झटकून वडा लगेच कागदावर टाकणारा माणूस मला म्हणूनच फार आवडतो. घरी आणून पाच मिनिटांनी टिपकागदाने टिपत बसण्यात अर्थ नाही, तोवर बरंचसं तेल मुक्कामाला गेलेलं असतं.

तेल पृष्ठभागावरून आत जातं, म्हणून आकार महत्त्वाचा. तोच बटाटा लांबट फोडींच्या फ्राइजमध्ये शंभर ग्रॅममागे पंधराएक ग्रॅम तेल धरतो, कागदासारख्या पातळ वेफर्समध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास. गुबगुबीत गोल वडा त्या मानाने साधा, कारण त्याचा बहुतेक ऐवज आत सुरक्षित असतो. आणि चुरा? त्याला आत असं नसतंच. तो सगळाच पृष्ठभाग.

खरं तर बटाटा विनाकारण बदनाम झालाय. सिडनी विद्यापीठात १९९५ मध्ये ३८ पदार्थ प्रत्येकी २४० कॅलरींच्या मापाने खाऊ घातले आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते विचारलं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. उकडलेला बटाटा ३२३ गुण घेऊन पहिला आला, फ्रेंच फ्राइजना मिळाले ११६ आणि लोण्याने थबथबलेल्या क्रोसाँ या फ्रेंच पावाला ४७.

मग बाहेर खाताना मागायचं काय? माझं मत अंडा भुर्जी-पावला. दोन अंड्यांची बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं, दोन पावांची सातेक. तेलासकट पाचशेच्या आत वीस ग्रॅम प्रथिनं हा सौदा गाडीवर दुसरीकडे कुठे मिळत नाही. ६५ किलोच्या माणसाची दिवसाची गरज ५४ ग्रॅम मानतात, त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त एका प्लेटमध्ये आला. अंडं न खाणाऱ्यांना मिसळ आहेच. मोड आलेली मटकी प्रथिनं आणि चोथा दोन्ही देते, आणि चोथ्याच्या बाबतीत वडा, बर्गर, सँडविच सगळेच दरिद्री. फक्त मिसळीत कॅलरी मटकीच्या नसतात. मूठभर फरसाणाच्या दोनशे, तर्रीच्या तेलाच्या सवाशे, दोन पावांच्या अडीचशे, असं करत ती सातशेवर जाते. फरसाण चिमूटभर, तर्री बाजूला, पाव एकच असं केलं तर पावणेचारशेत पंधरा ग्रॅम प्रथिनं पदरात पडतात. फरसाण अजिबातच नको असं मी कधीच म्हणणार नाही. त्याला उसळ म्हणतात आणि ती घरी फुकट मिळते.

मिठाच्या बाबतीत मात्र कुणालाच शाबासकी नाही. पाव, चीज, फरसाण, मीठ लावून तळलेली मिरची, सगळीकडून ते येत राहतं. टिक्कीच्या त्या एका बर्गरमध्येच सुमारे ७०० मिलिग्रॅम सोडियम असतं, दिवसाची मर्यादा २,०००.

भाचा आता कोल्ड कॉफी बिनसाखरेची, बिनआइस्क्रीमची पितो आणि तोंड वाकडं करतो. काल मी गाडीवर गेले आणि ‘‘चुरा नको’’ म्हणाले. वडेवाल्या दादांनी झारा हवेतच थांबवला. ‘‘ताई, चुऱ्याचे पैसे नाही घेत आपण,’’ म्हणाले, आणि कागदात वड्याशेजारी मूठभर टाकलाच.