सॉकेटात बसलं म्हणजे जुळलं असं नसतं

दहावी-बारावीचे निकाल लागले की सांगलीत गेमिंग पीसी बांधायचा सीझन सुरू होतो आणि व्हॉट्सअॅपवर पार्टच्या याद्या फिरायला लागतात, ‘हे एकमेकांना चालतंय का बघा जरा’ म्हणून. प्रोसेसर ठरलेला असतो, ग्राफिक्स कार्ड ठरलेलं असतं, रंगीत लाइटचे पंखे किती तेही ठरलेलं असतं, आणि सगळ्यात खाली एक ओळ असते, ‘एसएमपीएस – कुठलाही ५०० वॉट’. एसएमपीएस म्हणजे घरची वीज पीसीला लागेल तशी करून देणारा डबा, म्हणजेच पॉवर सप्लाय. त्याच्या ह्या ‘कुठलाही’ बद्दलच बोलायचंय.

आकाराचं जुळणं सोपं असतं, ते पटकन उरकतो. सॉकेट म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना होत्या, एएम५ मध्ये पिना बोर्डावर गेल्या आणि संपर्क झाले १७१८, त्यामुळे एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसणारच नाही. इंटेलच्या १२, १३, १४ व्या पिढीला एलजीए १७०० सॉकेट, कोअर अल्ट्रा २०० ला १८५१. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही रॅमना पिना २८८ च, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. बोर्डाचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं त्याच्यातलं सॉफ्टवेअर, प्रोसेसरपेक्षा जुनं असेल तर सॉकेट जुळूनही मशीन चालू होत नाही, तेवढं दुकानदाराला आधी विचारून घ्या. कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची कॅबिनेटच्या माहितीत मिलिमीटरमध्ये दिलेली असते. झालं.

खरी मजा विजेच्या जुळण्यात आहे.

प्रोसेसर साधारण १.२ व्होल्टवर चालतो. तो १२० वॉट खात असेल तर करंट किती? १२० भागिले १.२, म्हणजे १०० अँपिअर! गिझरचा जाड पिनांचा प्लग १६ अँपिअरचा असतो, आणि इथं नखाएवढ्या चिपमध्ये १०० अँपिअर जातायत. एवढा करंट एसएमपीएसपासून वायरनं आणायचा म्हटलं तर वायरच तापेल, कारण शाळेत शिकलोय तसं उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून वीज १२ व्होल्टनं आणतात, करंट १० अँपिअरवर येतो आणि त्याच वायरमधली उष्णता शंभरपट कमी होते. मग प्रोसेसरच्या अगदी शेजारी, मदरबोर्डावरच, १२ चे १.२ करतात. हे काम करणाऱ्या भागाला व्हीआरएम म्हणतात. सॉकेटच्या कडेला ज्या काळ्या-करड्या चौकोनी वड्या ओळीनं दिसतात ना, त्या त्याच्या कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी.

करतो काय तो? मॉस्फेट नावाचा स्विच १२ व्होल्ट चालू-बंद करतो, सेकंदाला काही लाख वेळा. एक दशांश वेळ चालू, नऊ दशांश बंद, म्हणजे सरासरी १.२. पण प्रोसेसरला सरासरी चालत नाही, त्याला सलग सपाट व्होल्टेज लागतं, म्हणून मध्ये कॉइल. कॉइलमधला करंट एकदम बदलत नाही, स्विच बंद झाला तरी वाहत राहतो. स्विच-कॉइलचे असे सहा-आठ संच, त्यांना फेज म्हणतात, आळीपाळीनं काम करतात, एकाचा उतार तिथं दुसऱ्याचा चढ. कमी फेजच्या, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) नसलेल्या बोर्डावर मोठा प्रोसेसर टाकला तर तो बसतो, चालतो, पण व्हीआरएम तापला की प्रोसेसरचा वेग आपोआप खाली येतो आणि गेम अडखळायला लागतो.

आता गंमत अशी की जो गुण हवा होता तोच आडवा येतो. गेममध्ये स्फोट झाला, सीन बदलला की ग्राफिक्स चिपची मागणी मायक्रोसेकंदांत उसळते आणि कॉइल काय एवढ्या लवकर करंट वाढू देत नाही. कोयनेतनं सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला बरेच तास जातात, तोवर पीक जगवायचं तर बांधाशेजारी शेततळं लागतं. ते काम इथं वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर करतात. चिपच्या अंगाला एकदम चिमुकले, त्यामागं जरा मोठे, आणि सगळ्यात मागं एसएमपीएसच्या पोटात एक जाडजूड.

ह्या जाडजुडाचा हिशोब बघा. घरची वीज २३० व्होल्ट म्हणतो पण तिचं शिखर ३२५ ला असतं, चांगला एसएमपीएस ती आणखी चढवून साधारण ३८० व्होल्टवर साठवतो. कपॅसिटर ४०० मायक्रोफॅरडचा धरला आणि ३८० वरून ३०० पर्यंत उतरू दिला तर अर्धा सी व्ही वर्गाच्या सूत्रानं जवळपास ११ जूल मिळतात. मशीन ५०० वॉट ओढत असेल तर ते २२ मिलिसेकंद पुरतात. आपल्याकडच्या विजेचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा. म्हणजे वळवाच्या पावसात लाइट नुसती डोळा मिटल्यासारखी गेली-आली तर मशीनला पत्ताही लागत नाही! साध्या यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात तेही ह्यातच निघतात. हाच कपॅसिटर १८० चा टाकून पैसे वाचवले तर हातात उरतात १० मिलिसेकंद, आणि मग यूपीएस असूनही मशीन बंद पडू शकतं.

उसळीचं म्हणाल तर २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० ह्या सप्लायच्या नियमावलीत, नव्या कार्डांसाठीचा १६ पिनी कनेक्टर असलेल्या मोठ्या सप्लायनी १०० मायक्रोसेकंदांपुरता छापील वॉटच्या दुप्पट भार सोसला पाहिजे असं ठरलं. कमकुवत सप्लाय अशा उसळीला संरक्षण म्हणून स्वतःला बंद करतो आणि नेमका रंगात आलेला गेम जातो. घरात मग नजर लागली म्हणतात, कॅबिनेटवर लिंबू-मिरची येते. अहो नजर नाही ती, मायक्रोसेकंदांची गोष्ट आहे आणि तिला उपाय आहे. तसंच कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्याचं. एसएमपीएसमध्ये विजेतला ‘नॉइज’, म्हणजे नको असलेली थरथर, गाळायला छोटे कपॅसिटर असतात, त्यांची गळती अर्थिंगमधनं जायची असते. गावभागातल्या जुन्या घरात अर्थिंगच नसेल तर ती तुमच्या बोटातनं जाते. इलेक्ट्रिशियन बोलवा.

घेताना बघायचं काय, तर बाजूचं स्टिकर. त्यावर एक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टखाली जे अँपिअर लिहिलेत त्याला १२ नं गुणा. २५ अँपिअर असेल तर ३०० वॉटच झाले, वर ५०० छापलेलं असू दे. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. रायझन ५ ७६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट, आरटीएक्स ४०६० कार्ड ११५, बाकी पंखे-एसएसडी धरून ५०-६०. सगळे मिळून २६० च्या आसपास, त्याला प्रामाणिक ५५० वॉट भरपूर. ३२० वॉटच्या आरटीएक्स ३०८० ला मात्र कंपनीच ७५० चा सल्ला देते. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो, उसळीबद्दल चकार शब्द नाही, जाहिरातीत काहीही म्हणू देत.

शेवटचं, केबल. प्रोसेसरची आठ पिनी आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनी लांबून सारखी दिसते, पण एकीत जिथं १२ व्होल्ट तिथं दुसरीत ग्राउंड. पहिली ४ अधिक ४ अशी फुटते, दुसरी ६ अधिक २, भोकांचे आकारही वेगळे ठेवलेत, तेव्हा जोर लावायचा नाही. केबली काढता-घालता येतात अशा मॉड्युलर एसएमपीएसमध्ये तर सप्लायकडच्या टोकाला कुठली पिन कशाची याचं प्रमाणच नाही, प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं. जुन्या सप्लायची केबल नव्यात टॉक्कन बसते आणि एसएसडीच्या ५ व्होल्टच्या वायरीत १२ सोडून मोकळी होते. जुन्या केबली नव्या खोक्यात टाकू नका, ज्याच्या त्याच्याबरोबरच बांधून ठेवा.