जुन्या ब्राउझरांना आधार : इंटरनेट एक्सप्लोरर ६

कालबाह्य झालेल्या ब्राउझरवरही संकेतस्थळ नीट चालावे म्हणून डेव्हलपर जी वेगळी तजवीज करतात, तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ६ (आयई ६).

ऑगस्ट २००१ मध्ये आलेला हा ब्राउझर विंडोज एक्सपीसोबत घराघरांत आणि कचेऱ्यांत पोहोचला. तोडीचा स्पर्धक उरला नव्हता, त्यामुळे पुढची आवृत्ती थेट ऑक्टोबर २००६ मध्ये निघाली. मधल्या काळात अनेक बँकांनी, सरकारी खात्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या अंतर्गत प्रणाली ॲक्टिव्हएक्सच्या (वेबपानात छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या तंत्राच्या) आधाराने याच ब्राउझरपुरत्या लिहून घेतल्या. ब्राउझर बदलायचा म्हणजे या सगळ्या प्रणाली पुन्हा तपासायच्या, प्रसंगी नव्याने लिहायच्या. तो खर्च संस्थेच्या माथी. न बदलण्याचा त्रास मात्र बाहेरच्या डेव्हलपरांना. मग घाई कोण करणार? खुर्चीवरच्या कर्मचाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. नवा ब्राउझर बसवण्याची परवानगीच त्याला बहुधा नसे. ब्रिटिश सरकारने २०१० मध्ये एका जाहीर याचिकेला उत्तर देताना, अनेक ठिकाणी आयई ६ ठेवून फायरवॉल व व्हायरसतपासणीवर भिस्त ठेवणेच स्वस्त पडते, असे सांगितले. हिशेब चुकीचा नव्हता, पण तो फक्त एका बाजूचा होता.

दुसऱ्या बाजूला डेव्हलपरांची रात्रपाळी चालू होती. एखादा रकाना डावीकडे फ्लोट करून (म्हणजे त्या कडेला लावून) त्याच बाजूला १० पिक्सेलचा मार्जिन (मोकळी जागा) दिला, की आयई ६ तो २० करून दाखवी आणि शेजारचा रकाना खाली घसरे. उपाय चमत्कारिक होता : त्याच रकान्याला ‘डिस्प्ले : इनलाइन’ लिहायचे. फ्लोट केलेल्या घटकावर या सूचनेचा वेबच्या ठरलेल्या मानकांनुसार काहीच परिणाम होत नाही, म्हणून इतर ब्राउझर बिघडत नसत. आयई ६ मात्र सरळ होई. पारदर्शक पीएनजी चित्रांमागे करडा ठोकळा दिसे, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा खास फिल्टर वापरावा लागे. सर्वांत सभ्य मार्ग ‘कंडिशनल कॉमेंट’चा : इतर ब्राउझर जो मजकूर निव्वळ टिप्पणी समजून सोडून देत, तो वाचून आयई आपल्यापुरती वेगळी स्टाइलशीट (पानाच्या मांडणीच्या सूचनांची फाइल) उचले.

जानेवारी २०१० मध्ये गूगलवरील सायबर हल्ल्यात आयईमधील त्रुटी वापरल्याचे उघड झाले. जर्मनीच्या माहितीसुरक्षा कार्यालयाने नागरिकांना तूर्त दुसरा ब्राउझर वापरा असे सांगितले, आणि त्याच मार्चमध्ये यूट्यूबने आयई ६ चा आधार काढला. २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच आपल्या या ब्राउझरचा वापर संपवण्याची मोहीम उघडली. एक्सपीचे समर्थन ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले.

दक्षिण कोरियात ऑनलाइन बँकिंगच ॲक्टिव्हएक्सवर उभे असल्याने आयईची सद्दी आणखी लांबली. आयई ११ हा शेवटचा वारसही विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. तरी जुन्या अंतर्गत प्रणालींसाठी मायक्रोसॉफ्टच्याच नव्या एज ब्राउझरमध्ये, जुनी पाने आयईप्रमाणे चालवणारा ‘आयई मोड’ ठेवण्यात आला असून तो किमान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे.